तसू आणि इंच

कादरभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. खडू खाली ठेवला, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, त्यांना सांगून टाकलं होतं... मित्राच्या मरणाच्या बातमीवर सुटल्यासारखं वाटावं याची लाज वाटते. पण वाटलं ते खरं.

नाशकात टांगे बांधणारे पुष्कळ. विमान बांधलेले कादरभाई एकटेच. देवळालीचे फिरोजशेठ मुंबईला विमान चालवायला शिकले आणि त्यांना शर्यतीचं वेड लागलं. विलायती मासिकातला एका लहानशा विमानाचा आराखडा कादरभाईंच्या हातात देऊन ते मुंबईला परतले. कादरभाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी ड्रॉइंगमास्तर, शाळा सुटली की भद्रकालीतल्या त्यांच्या कारखान्यात बसून आकडे वाचायचो. "मास्तर, इंच-फिंच नको, आमच्या गजात सांगा." त्यांच्या गजाचे चोवीस तसू. इंच काय नि तसू काय, एकच, असं समजून मी सात इंचांना सात तसू म्हणत गेलो. आठ महिने. पंखांवर मालेगावचं कापड असं ताणून बसवलं होतं की बोटानं टिचकी मारली तर डफासारखं वाजे.

मग इंजिन आलं, आणि ते बैठकीवर बसेना. भोकंच जुळेनात. कादरभाई चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी माझी फूटपट्टी त्यांच्या गजाला लावून पाहिली. तसू इंचापेक्षा सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शानं, मोठा! अख्खं विमानच आठव्या हिश्शानं वाढलं होतं. ते परत आले, बैठकीकडे बघत म्हणाले, "हात चुकला माझा, मास्तर." मी चहा प्यायलो.

लाकडाचे तुकडे घालून त्यांनी इंजिन बसवलं. विमान उडालं, सुखरूप उतरलंही, पण शर्यतीत सगळ्यांच्या मागे. फिरोजशेठ हसत म्हणाले, "कादर, विमान सांगितलं, तू तर टांगाच बांधला की रे!" कादरभाईही हसले. त्यानंतर मात्र त्यांनी एकही नवा टांगा केला नाही. फक्त चाकांची दुरुस्ती. कुणी आग्रह केला तर, "हाताचा भरोसा नाय आता." असं चार वर्षं मी ऐकत राहिलो.

या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. त्यांच्या उशाशी बसून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"बरोबर होता."

"सूतभर पण नाय चुकला?"

"नाही, कादरभाई."

ते उठूनच बसले. आत बायकोला हाक मारली, "सुनती का? मास्तर चुकले! मी नाय, मास्तर!" इतके हसले की खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर हळूच म्हणाले, "चार साल, मास्तर... लय उशीर केलात."



आठवड्यानं त्यांच्याकडून सागवानी स्टूल आलं. उठता-बसता दम लागत असताना केलेलं. सोबत निरोप: 'इंचात केलंय. मोजून घ्या.' त्यानंतर दहाव्या दिवशी ते गेले.

त्या स्टुलावर बसूनच हे लिहितो आहे. मोजलेलं नाही. जरासुद्धा डुगडुगत नाही.