काठोकाठ भरलेला कप

अमडापूरला आत्याकडे गेलं, की चहा काठोकाठ भरून यायचा. कपबशी पुढे करून ती आपल्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत उभी राहायची. बशी वाजली नाही, की मगच "हाव, बस आता," म्हणायची. परक्यांना वाटे, काय दिलदार बाई! आम्ही घरचे मात्र बशी दोन्ही हातांनी घट्ट धरायचो.

आमच्या घराण्यात एक आजार आहे. चाळिशी उलटली, की हात आपोआप उडू लागतात. मग जीभ अडखळते, शेवटी घरचीच माणसं ओळखू येत नाहीत. आजोबा त्यानं गेले, माझे वडीलही. वडिलांना शेवटचे घास आत्यानंच भरवले. गाव म्हणायचं, करणी आहे. आत्या फणकारायची, "करनी असती तं मी कधीचीच उतरवली असती!"

पुढे शहरातून संशोधन करणारे डॉक्टर आले. हा दोष रक्तातून कळतो, घरातल्यांनी रक्त दिलं तर उद्या औषध निघेल, असं त्यांनी समजावलं.

"आज हाये का औषध?" आत्यानं विचारलं.

"अजून नाही, आजी."

"मंग रगत न्या, लेकरायच्या कामी येईन. पन माया अंगात काय हाये, ते मले सांगू नोका. अन् आमचं नाव बाहीर जाऊ देऊ नोका, पोरीयचे लगनं व्हायचे हायेत."

मी शर्टाची बाही वर केलीच नाही.

आत्या म्हातारी होऊन साध्या तापानं गेली. हात शेवटपर्यंत स्थिर. जन्मभर भ्यायली बिचारी, आणि तो आजार तिच्या वाटेला नव्हताच. मला तिची फार कीव आली, आणि खरं सांगतो, हेवाही वाटला.

आता मलकापूरला माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. काल ती म्हणाली, "बाबा, लग्नाआधी मी तपासून घेते. मुलाकडच्यांले अंधारात नाही ठेवायचं मले. पहिले तुमी करता का? तुमच्यात नसलं तर माझ्यातही नाही."

आणि तिच्यात निघालं, तर माझ्यातही आहे. तिला नाही म्हणायचा मला काय हक्क? पण मला नाही जाणून घ्यायचं.

मी चहा ओतला. किती भरला, ते बशी उचलल्यावर लक्षात आलं. तिनं हात पुढे केला. कप तिच्यापर्यंत पोचण्याआधीच बशी वाजली, चहा सांडला.

पोरगी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती.