जुन्या मोझॅकचा मूळ रंग

फरशीमिस्त्रींचे सारे आयुष्य गुडघ्यांवर गेले, असे त्यांची पत्नी म्हणत असे, आणि ते खोटे नव्हते. जुन्या मोझॅकवर चकचकीत टाइल्स बसवणे हाच त्यांचा धंदा होता. चांगली फरशी डोळ्यांदेखत झाकली जाई आणि मिस्त्री मूग गिळून गप्प बसत. म्हणून सपाट छताच्या, सिमेंटच्या जाळ्यांच्या एका साठ-सत्तर वर्षांच्या इमारतीत जुनी फरशी राखण्याचे काम मिळाले, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला.

रहिवाशांची अट मात्र कडक होती. नळाच्या दुरुस्तीसाठी जिन्याजवळची फरशी फोडलेली होती. ती जागा बेमालूम भरली, तरच जुनी फरशी राहणार होती. नाहीतर सगळीकडे टाइल्स.

मिस्त्रींनी संगमरवरी खडी निवडून घेतली. फरशी पिवळसर दिसत होती, म्हणून पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळा रंग मिसळला. तुकडा असा जुळला, की हाताखाली काम करणाऱ्या पत्नीलाही सापडेना. मग त्यांनी सगळीकडे पॉलिशचे मशीन फिरवले आणि पाणी पुसताच त्यांचा चेहरा उतरला. जुनी फरशी दुधासारखी पांढरी निघाली होती. पिवळा राहिला तो फक्त त्यांचा तुकडा.

"अहो, तुम्ही मळाशी रंग जुळवलात!" पत्नी म्हणाली.

"हळू बोल. लोक येतायत."

"मी गप्प बसले तर त्यांना दिसणार नाही होय?"

रहिवासी जमले. टाइल्सचा हट्ट धरणारे तळमजल्यावरचे काका लगेच म्हणाले, "मिस्त्री, हे तर पांढऱ्या शर्टावर चहा सांडल्यासारखं झालं!"

"चूक माझीच आहे, काका. वर्षानुवर्षं चढवलेलं मेण पिवळं पडलं होतं, मी त्यालाच रंग समजलो. तुकडा काढून पुन्हा घालतो."

"आणि पुन्हा चुकलात तर?"

"तर टाइल्सही मीच बसवीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

काकांचे लक्ष मात्र आता तुकड्यावर नव्हते. ते जिन्यापासून दारापर्यंत पाहत होते. "ही मेणाखाली अशी पांढरी होती?"

"बांधली तेव्हापासून."

"आणि आम्ही तिला म्हातारी म्हणत होतो!" त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "नवा तुकडा घातल्यावर किती दिवस पाय ठेवायचा नाही?"

"आठवडाभर तरी."

"बरं," काका इतरांकडे वळून म्हणाले, "तोवर सगळ्यांनी मागच्या दाराने जायचं."