समुपदेशकाला सांगितलेलं हैदराबाद

"तुमचं हृदय माझ्या हृदयापेक्षा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले आणि ईसीजीची पट्टी माझ्याकडे सरकवली. "याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात."

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे समोर धोका नसताना शरीराने धोक्याची ओरड करणं. छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही आणि आपण आत्ताच्या आत्ता मरणार अशी खात्री पटते. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं. मला हे तीनदा झालं, तिन्ही वेळा कर्वेनगरहून हिंजवडीला जाताना, कंपनीच्या बसमध्ये, वारजे मागे पडलं की.

ईसीजी नॉर्मल. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल. थायरॉइडही नॉर्मल. माझा विश्वास बसेना. रिपोर्टची अदलाबदल झाली असेल म्हणून मी लिफाफ्यावरचं नाव दोनदा वाचलं. सवयीचा भाग आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर, दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच माझं काम.

सासूबाई अस्सल पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "धडधड आम्हालाही व्हायची. इंग्रजी नाव नव्हतं एवढंच."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारलं, "ताण कशाचा आहे?" मी म्हणाले, "कामाचा." त्यांनी मान डोलावली. त्या वर्षांत हिंजवडीहून येणारा प्रत्येक पेशंट त्यांना हेच सांगत असणार.

खरं कारण आता लिहून टाकते, कारण तेव्हा मी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आम्ही परदेशातल्या रुग्णालयांसाठी सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर करत होतो. औषधाचे थेंब किती वेगाने जावेत हे ते ठरवतं. ते पाठवायच्या दिवशी अकरा चाचण्या करायच्या राहिल्या होत्या. आमचे मॅनेजर पराग म्हणाले, "अहो, मागच्या वेळी पास झाल्या होत्याच की!" मी अकरा ओळींपुढे 'पास' लिहिलं. एकही चाचणी न करता. पंधरा दिवसांनी बसमध्ये पहिला झटका आला. सांगितलं तर नोकरी जाणार होती, आणि नाही सांगितलं तर तो पंप कुणा तरी रुग्णाच्या हाताला जोडला जाणार होता.

गोळीबरोबर काउन्सेलिंग घ्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. कंपनीत नुकतीच सोय झाली होती. कँटीनशेजारच्या खोलीत आठवड्यातून दोनदा गौरी मॅडम बसत. वय तिशीच्या आसपास. आयटीतल्या लोकांच्या ताणावर त्या पीएचडीही करत होत्या. एचआरमधल्या मुलीने मला दोन फॉर्म दिले, एकाला एक टाचलेले. पहिला उपचारांसाठी, दुसरा संशोधनासाठी. "दोन्हींवर सही लागते हं, नाहीतर अपॉइंटमेंट पडत नाही सिस्टिममध्ये." मी सही केली. नाही म्हटलं असतं तर तेच डोळ्यांवर आलं असतं.

'इथे बोललेलं कॉन्फिडेन्शियल राहील,' असं फॉर्मवर होतं. म्हणजे गुप्त. पण खोलीच्या दाराला काच होती आणि आत जाताना वहीत नाव लिहावं लागायचं. शिवाय कंपनीविरुद्धची गाऱ्हाणी ऐकायला कंपनीच माणूस कशाला ठेवेल? मला काही ते पटेना.

आमच्या धंद्यात एक युक्ती असते. माहिती कुठून गळते हे शोधायचं असेल तर मुद्दाम एक खोटी नोंद टाकायची आणि ती कुठे उगवते यावर नजर ठेवायची. मी गौरी मॅडमना सांगितलं की नवऱ्याला हैदराबादला नोकरी मिळते आहे, मला जायचं नाही, त्याने जीव कासावीस होतो. हे मी जगात दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही.

सहा आठवडे आम्ही हैदराबादवर बोललो. मॅडम मन लावून ऐकायच्या, लिहून घ्यायच्या. त्यांनी मला सावकाश श्वास सोडायला शिकवलं. एकदा तर त्या नसलेल्या बदलीबद्दल बोलताना मला खरोखर रडू आलं. झटके मात्र थांबले नाहीत. कसे थांबतील? पोट दुखत असताना मी गुडघा दाखवत होते.

सातव्या आठवड्यात कँटीनमध्ये पराग माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "काय मग, बिर्याणीची सवय करताय म्हणे?"

आधी मला आनंद झाला, हे कबूल करते. चूक सापडली की होतो तसला. मग हातांना मुंग्या आल्या आणि मी तिथेच खाली बसले.

त्याच दुपारी मी मॅडमच्या खोलीत जाऊन विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. मॅनेजर लोकांसमोर त्यांनी ताणतणावावर भाषण दिलं होतं. संशोधनातून काय निघालं ते सांगायचं, या अटीवरच कंपनीने परवानगी दिली होती. उदाहरण म्हणून पडद्यावर दाखवलं होतं: वय चौतीस, विवाहित, मूळची अकोल्याची, टेस्टिंग विभाग, पतीच्या हैदराबादच्या नोकरीचा ताण.

"पण मी नाव काढलं होतं," त्या म्हणाल्या.

"नाव तेवढं काढलंत. टेस्टिंगमध्ये अकोल्याची मी एकटीच आहे."

मी दार आपटून निघाले. आता सारवासारव होणार, एचआरचं गुळगुळीत पत्र येणार, असं मी धरून चालले होते.

चार दिवसांनी त्यांनी बोलावलं आणि एक कागद हातात दिला. त्यांनी स्वतः लिहिलेला, खाली सही. उपचारांच्या फॉर्मला संशोधनाचा फॉर्म टाचू द्यायला नको होता, कारण गरजवंताला मग नाही म्हणता येत नाही. माणूस ओळखू येईल इतका तपशील दाखवायला नको होता. दोन्ही चुका त्यांनी आपल्या गाइडना आणि विद्यापीठाच्या समितीला कळवल्या होत्या, आणि माझी माहिती संशोधनातून काढली होती. शेवटी तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता होता आणि एक वाक्य: 'आपण तक्रार केल्यास मी यातलं काही नाकारणार नाही.'

मी त्या कागदावरही संशय घेतला. पळवाट शोधत तीनदा वाचला. सापडली नाही. या बाईची पीएचडी अडकू शकत होती आणि लिहा म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. असलाच एक कागद मी तीन महिन्यांपूर्वी लिहायला हवा होता.

"मॅडम, हैदराबाद खोटं आहे," मी म्हणाले. "नवरा कोथरूड ओलांडायलाही तयार नसतो."

त्या हसल्या. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "खरं सांगण्याआधी एक ऐका. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. आता सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझ्यावर विश्वास ठेवायला तुमच्याकडे काही कारण नाही, हे मला कळतं."

म्हणजे बोलले तर ते माझ्या हातात राहणार नव्हतं. तरी मी सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"तुम्ही कळवता की मी कळवू?" त्यांनी विचारलं.

"मीच कळवते," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर बसूनच ईमेल लिहून पाठवला. परागना, आणि परागच्या वरच्या साहेबांनाही. अकराही चाचण्यांचे क्रमांक दिले.

मला प्रोजेक्टवरून काढलं. आठवडाभर मी रिकाम्या टेबलाशी बसून होते. लोक कँटीनमध्ये माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचे. मग चाचण्या झाल्या. नऊ पास, दोन नापास. एकीत थेंब थांबायला हवे तेव्हा थांबत नव्हते. पंप अजून रुग्णालयांत पोचले नव्हते. हे ऐकलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

नोकरी वाचली, बढती गेली. गोळी आणखी आठ महिने घेतली. झटके हळूहळू कमी झाले, एकदम नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी काउन्सेलरकडे निघालं असेल तर जरूर जा. पण माझं बोलणं कुठे लिहिता, कोण वाचतं आणि कधी दुसऱ्याला सांगाल, हे पहिल्याच दिवशी विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आणि उत्तर पटलं तर खोटं बोलू नका. माझे सहा आठवडे त्यात गेले.

गौरी मॅडमविरुद्ध मी तक्रार केली. चूक झाली होती आणि तिची नोंद व्हायलाच हवी होती. त्यांनी शब्द पाळला, काही नाकारलं नाही. समितीच्या फॉर्मवर शेवटी 'आपली अपेक्षा' असा रकाना होता. तिथे मी लिहिलं, 'मला माझे उपचार यांच्याकडेच चालू ठेवायचे आहेत.'