उतरताना पुढं कोण

वरवंडच्या सुवर्णाबाईला गड चढताना पाहावं. साडी वर खोचलेली, पायात लेकाचे जुने बूट, पाठीला सॅक आणि तोंड अखंड चालू. वय सत्तेचाळीस, शुगरच्या गोळ्या चालू, पण चढणीला लागली की पंचविशीतल्या पोरींना धाप लावील. "चला गं, घरी काय भाकऱ्या करपायल्यात का?" असं ओरडत ती बारा बायकांना वर नेई. रविवारच्या या टोळीची म्होरकी तीच. कुठं जायचं, किती वाजता निघायचं, हे तीच ठरवी. आणि गाडी कुणासाठी थांबत नाही, हा नियमही तिचाच.

उतरताना मात्र तिला कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. उतरायला ती सगळ्यांच्या शेवटी निघे. "शेवटची बाई खाली गेल्याबिगर म्होरकीनं हालायचं न्हाई," असं ती ठणकावून सांगे आणि बायका एकमेकींना म्हणत, काय काळजी घेते बघा!

काळजी कसली? सुवर्णाला उतरायची भीती वाटे. खाली खोल दिसलं की मांड्या लटलटत, घशाला कोरड पडे आणि पुढचा पाय उचलतच नसे. हे अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे हमीदाला. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टा करून दमलेला ईश्वर बायको गडावर जाते एवढंच जाणून होता.

उतरताना हमीदा पुढं चाले. सुवर्णा तिच्या खांद्यावर हात ठेवी, नजर तिच्या ओढणीवर खिळवी आणि दोघी एकामागं एक पाय टाकत येत. बाकीच्या जणी दिसायला लागल्या की हात खांद्यावरून निघालेला असे. सहा वर्षं हे चाललं होतं आणि कधी कुणाला वास लागला नव्हता.

हमीदा वरवंडातच ब्लाउज शिवायची. सुवर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिचा पहिला ब्लाउज हमीदानंच शिवला होता आणि तो काखेत घट्ट झाला म्हणून पहिलं भांडणही तेव्हाच झालं. तिथून मैत्री झाली ती झालीच. पुढं डॉक्टरांनी सुवर्णाला रोज चालायला सांगितलं. एकटीनं हायवेच्या कडेनं चालायची लाज वाटे म्हणून हमीदा बरोबर निघाली. आधी कुरकुंभची फिरंगाईची टेकडी झाली, मग भुलेश्वर, मग मल्हारगड. बघता बघता आणखी बायका जमल्या आणि मोबाइलवर ग्रुप झाला.

आणि मग कार्तिकात त्या टोळीत अपेक्षा आली.

वरवंडातल्याच एका घरची सव्वीस वर्षांची सून. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये कामाला. रविवारी सुटी. ब्लाउज शिवायला म्हणून हमीदाकडं गेली आणि तिथंच चिकटली. पहिल्या रविवारी हमीदानंच तिला हाताला धरून गाडीपाशी आणलं. "पोरगी चांगली हाय. पायात दम हाय. येऊ दे हिला."

"येऊ दे की," सुवर्णा म्हणाली. "गाडी काय माझ्या बापाची हाय?"

तेव्हापासून सुवर्णाच्या डोळ्यांत ती पोरगी सलायला लागली. गाडीत हमीदाच्या शेजारची जागा तिनं घेतली. चहाच्या टपरीवर दोघींचं काहीतरी चाले आणि हमीदा तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून हसे. सुवर्णा जवळ गेली की हसणं थांबे. एका रविवारी अपेक्षा नव्या ड्रेसात आली, त्याला दोन्ही बाजूंनी खोल खिसे.

"भाभींनी शिवून दिला," ती म्हणाली. "पैसे घेतले न्हाईत, काकू."

खिसे! सव्वीस वर्षांत हमीदानं सुवर्णाला कधी एक खिसा शिवून दिला नव्हता. तिनं कधी मागितला नव्हता ही गोष्ट वेगळी. पण या पोरीनं तरी कुठं मागितला असणार? त्या दिवशी सुवर्णानं घरच्या शेवंतीच्या वाफ्यात खुरपणी केली आणि तणाबरोबर चार चांगली रोपंही उपटली.

खरा घाव बसला तो मल्हारगडावर. उतरताना सुवर्णा नेहमीसारखी मागं थांबली आणि हमीदा खाली निघालेली दिसली. पुढं अपेक्षा, मागं हमीदा, आणि हमीदाचा हात अपेक्षाच्या खांद्यावर! दोघी सावकाश चाललेल्या. मध्येच हमीदा थांबून काही सांगे, पोरगी मान हलवी, पुन्हा पाय टाकी. पंचवीस पावलं गेल्यावर हमीदाला मागची आठवण झाली आणि ती परत वर आली.

"चल," ती म्हणाली आणि खांदा पुढं केला.

सुवर्णानं हात ठेवला, पण नुसता टेकवल्यासारखा. माझी भीती हिनं त्या पोरीला सांगितली, दोघी मिळून माझी नक्कल करत होत्या, असं तिच्या मनानं घेतलं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तरी एवढी जळली नसती, असं तिलाच वाटून गेलं. मग तिला त्या विचाराची लाज वाटली. पण जळणं काही कमी झालं नाही.

जानेवारीत राजगड ठरला. वर्षातून एकदा मोठा गड करायचा, ही त्यांची रीत. पहाटे पाचला हायवेच्या पुलाखालून निघायचं होतं. पण शुक्रवारी क्रूझरवाला रहीम म्हणाला, संध्याकाळी मला लग्नाचं भाडं आहे, चारला निघू. सुवर्णानं ग्रुपवर टाकलं. अपेक्षा ग्रुपवर नव्हती. दोन महिने झाले, सुवर्णा नुसतीच "करते, करते" म्हणत होती.

हमीदा तेव्हा लेकीकडं दौंडला गेलेली. तिनं फोनवर सांगितलं, "माझ्याकडं पाव्हणे बसल्यात. अपेक्षाला तूच कळव."

"व्हय, कळवते," सुवर्णा म्हणाली.

शनिवारी दुपारी ती शेडमध्ये शेवंतीच्या जुड्या बांधत बसली होती, तर अपेक्षा आपल्या पायांनी दारात आली.

"काकू, उद्या पाचलाच ना?"

सुवर्णानं मान वर केली नाही. दातांत दोरा धरलेला होता. तो सोडून दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?

"हूं," ती म्हणाली.

अपेक्षा गेली. सुवर्णानं उरलेल्या जुड्या भराभर बांधून संपवल्या.

पहाटे चारला पुलाखाली बायका कुडकुडत उभ्या. हमीदा रात्रीच दौंडहून परत आलेली. ती इकडं तिकडं बघायला लागली. "अपेक्षा कुठाय?"

"जमत न्हाई म्हणाली. घरी काहीतरी हाय."

"मला न्हाई बोलली ती."

"आता सगळं काय तुलाच सांगाया पायजे का?" सुवर्णा फटकन म्हणाली आणि हमीदाशेजारी जाऊन बसली. दोन महिन्यांनी ती जागा तिला मिळाली होती. गाडी निघाली तशी ती बोलायला लागली. फुलांचा भाव, ईश्वरची नाइट, लेकाचं लग्न. पुण्याच्या अलीकडं हमीदाचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला, काही वेळ ऐकलं आणि पिशवीत टाकून दिला. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. लवकर उठल्यानं डोकं धरलं असेल, असं समजून सुवर्णा तिच्या वाटचंही बोलत राहिली. तिला फार आनंद झाला होता.

पायथ्याच्या गुंजवण्यातून वाट रानात शिरली. आज हमीदा मागं पडत होती. खडी चढण लागते तिथं एका म्हातारीचं ताकाचं दुकान होतं. बाकीच्या जणी पुढं गेल्या आणि हमीदा बाकड्यावर बसली.

"सुवर्णा, मी इथनं पुढं येत न्हाई."

"का गं? काय झालं?"

"गुडघे. दिवाळीच्या आधीच डॉक्टरनं सांगितलंय, चढउतार बंद. तरी रेटत होते. आता न्हाई होत."

सुवर्णा तिच्यासमोर उकिडवी बसली. "आन् मला बोलली न्हाईस?"

"तुला बोलले असते तर तूबी घरी बसली असतीस. उतरायचं कसं म्हणून." हमीदानं गुडघ्यावरून हात फिरवला. "म्हणून पोरगी तयार केली. किती पावलावर थांबायचं, हात खांद्यावर जड झाला की काय समजायचं, मागं वळून बघायचं न्हाई, सगळं शिकवलं. मल्हारगडावर मी सुवर्णा झाले आन् तिला हमीदा केलं. आज तिच्या हाती तुला देणार व्हते आन् इथं ताक पीत बसणार व्हते."

सुवर्णाच्या तोंडाला कोरड पडली. अजून तर ती चढायचीच होती.

"मघाशी फोन आला तो तिचा," हमीदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण चढला असता तर बरं झालं असतं. "पावणेपाचपासनं पुलाखाली उभी हाय ती. अंधारात, एकटी. म्हणती, काकूंनी पाचच सांगितलं."

"मी... माझ्या ध्यानात..."

"खोटं बोलू नगंस. सव्वीस वर्षं वळखते मी तुला."

"मग तू तिला खिसं शिवून दिलंस!" सुवर्णाच्या तोंडून एकदम निघालं. "माझ्यासमोर हसता दोघी! मला बघितलं की गप्प व्हता! माझ्या जिवाला काय वाटत आसंल?"

"तुझ्याच गोष्टी सांगून हसत व्हते. ती पोरगी तुला भ्यायची, तिची भीड मोडावी म्हणून." हमीदानं तोंड फिरवलं. "जा आता वर. बाया थांबल्यात. आज मीबी पुढं न्हाई आन् तीबी न्हाई. तुझं तू उतर."

वरून भागुबाईनं हाक मारली. भागुबाई टोळीत सगळ्यांत थोरली, साठीची. "सुवर्णे, आगं ये की! म्होरकीच मागं राहिली!"

सुवर्णा गेली. जायला नको होतं, पण ताठा माणसाला नको तिथं नेतो.  बायकांनी पद्मावती तळ्याच्या काठाला डबे सोडले, फोटो काढले. सुवर्णानं डबा उघडलाच नाही. आणि एवढं होऊनही तिच्या मनात काय घोळत होतं? ती पोरगी दोन महिने हमीदाबरोबर होती. माझ्यासाठी का असेना, पण ते दिवस तिचे झाले, माझे नाही झाले.

उतरायची वेळ आली. चोर दरवाजाशी तिनं नेहमीसारखं सगळ्यांना पुढं घातलं आणि एकटी उरली. दारातून डोकं बाहेर काढलं. खाली खडक, खडकाला लोखंडी रेलिंग आणि त्याच्या पलीकडं नुसती हवा.  मागं कॉलेजची पोरं खोळंबली होती. "काकू, जाताय ना?"

सुवर्णा खाली बसली. म्होरकी, बारा बायकांना दटावणारी, ती पोरांच्या देखत ढुंगणावर बसून एकेक पायरी घसरायला लागली. रेलिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, डोळे निम्मे मिटलेले. साडी खडकाला अडकून फाटली. वळणावर बायका थांबल्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं.

"आगं, तुला भ्या वाटतं व्हय?" भागुबाईनं विचारलं.

"वाटतं," सुवर्णा म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "पहिल्यापासनं वाटतं."

हसलं कुणीच नाही. भागुबाई चार पायऱ्या चढून आली, तिनं सुवर्णाचा घोटा धरला आणि पाऊल जागेवर ठेवून दिलं. असं करत करत पाऊण तास गेला.

ताकाच्या दुकानाशी सुवर्णा पोचली तेव्हा हमीदा फोनवर बोलत होती, हसत होती. पलीकडं कोण ते सांगायला नको. एवढी खरचटलेली, रडलेली, थकलेली. तरी ते हसणं ऐकून सुवर्णा पुन्हा जळलीच. हमीदानं तिच्या फाटक्या साडीकडं पाहिलं, खरचटलेल्या हातांकडं पाहिलं आणि फोन पुढं केला.

"घे. बोल."

सुवर्णानं फोन कानाला लावला. 

"काकू, उतरलात का?"

"उतरले. बसून उतरले." मग ती हमीदाकडं पाठ करून उभी राहिली. "पोरी, मी तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. चारचं."

"ठाऊक हाय मला."

 मग अपेक्षा म्हणाली, "काकू, खरं सांगू? मला तुम्ही आजिबात आवडत न्हाई. पण भाभींना शब्द दिलाय मी. पुढल्या रविवारी येणार. तुमच्या पुढं चालणार. तुम्ही बोला न्हाईतर बोलू नका."

इतकं रोखठोक सुवर्णाला कुणी कधी ऐकवलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण ही पोरगी आपल्याला खड्ड्यात घालणार नाही, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

"मलाबी तू आवडत न्हाईस," ती म्हणाली. "सहाला निघायचंय. मी तुझ्या दारात येऊन हाक मारते."

तिनं फोन परत दिला. हमीदानं विचारलं, "काय म्हणाली?"

"येते म्हणाली," सुवर्णा म्हणाली आणि हमीदाच्या शेजारी बाकड्यावर बसली.