फिलूचं माप

डॉक्टरीणबाईंनी फिलूच्या मानेपासून बोट हळूहळू खाली आणलं आणि पाठीच्या मधोमध एका टेंगळावर थांबवलं. मग मुंबईहून काढून आणलेला एक्स-रे, म्हणजे आतल्या हाडांचा फोटो, खिडकीसमोर धरला. म्हणाल्या, "आपल्या कन्येला पॉट्स डिसीज आहे. कण्याचा क्षय." बाई परदेशी, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. माझ्या सहा वर्षांच्या पोरीला त्या कन्या म्हणत होत्या, आणि हसावं की रडावं ते मला कळेना.

क्षय म्हणजे खोकला आणि रक्त, एवढंच मला ठाऊक. बाईंनी समजावलं की हा मणक्यात शिरतो, मणका आतून पोखरतो, तो बसला की पाठ बाहेर येते. यावर औषध नाही. ऊन, दूध, अंडी आणि पाठीवर सपाट पडून राहायचं, कितीही महिने. पाठीला हिसका बसला तर पॅराप्लेजिया, म्हणजे कमरेखालचं सगळं लुळं.

ज्यांच्या घरात लहान पोर आहे त्यांनी एवढं ऐका. फिलू काही उचलायला वाकायचीच नाही. गुडघ्यावर हात टेकून, पाठ ताठ ठेवून खाली बसायची आणि उचलायची. मी म्हणायची, काय हे राणीसारखे नखरे! ते नखरे नव्हते, पाठ दुखत होती. तुमचं पोर असं करत असेल तर आधी त्याची पाठ बघा.

आता हा दवाखाना कुणाचा, ते सांगते. आम्ही उत्तनचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक. भाईंदरला खाडीजवळ बंगला भाड्यानं घेऊन बसलेले हे लोकही ख्रिस्तीच, पण दुसऱ्या पंथाचे. आमच्या पाद्रींनी बजावलं होतं, त्यांच्यात मरियामायला मान नाही, पोर बरी कराल आणि तिचा धर्म घालवाल. मुंबईच्या दवाखान्यात इतके महिने खाट मिळेना, म्हणून आले. पण डोळे उघडे ठेवून आले.

डोळे उघडे ठेवल्यावर सगळंच खटकायला लागलं. दवाखान्यामागे नवा वॉर्ड बांधायचं काम चाललं होतं, आणि घमेली उचलत होते ते गोरे! परदेशातून आपल्या खर्चानं आलेले, मजुरी न घेता चुना कालवणारे. आमच्याकडे गोरा साहेब म्हणजे घोड्यावर नाहीतर खुर्चीवर. हा उन्हात पाठ सोलून घेतो, तेही फुकटात? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी माझ्या नवऱ्याला, पास्कूला, म्हणाले. तो म्हणाला, "मुरू दे गो, पोर उभी राहू दे."

फिलूला रोज चमचाभर कॉड लिव्हर ऑइल द्यायचे, म्हणजे माशाच्या काळजाचं तेल. मी बाटली हुंगली. अगं बाई, मोरी माशाच्या काळजाचं असलंच तेल आम्ही होडीला चोपडतो! हे त्याला औषध म्हणतात. त्या दिवशी मी तो चमचा आधी स्वतः प्यायले, संध्याकाळपर्यंत जिवंत राहिले, मग फिलूला दिला.

संध्याकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. सगळ्या नर्सा, कामवाले गोरे, सगळे जमायचे. मी फिलूच्या उशीखाली रोझरी, आमची जपमाळ, ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. कुणी मला ये म्हणालं नाही, आणि त्याचाही मला संशय यायचा.

त्या गोऱ्यांत एक सुतारकाम करायचा. उंच, म्हणून बायका त्याला लांबू म्हणायच्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता, नुसता हसायचा. एके सकाळी मी दूध तापवून आले तर हा फिलूच्या खाटेशी वाकलेला, हातात दोरी. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली, गाठ मारली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली, दुसरी गाठ मारली.

माझ्या हातातलं दूध सांडलं. आमच्या गावात माणूस गेलं की इनास मिस्त्री अशीच दोरी घेऊन येतो. कुणाशी बोलत नाही. डोकं ते टाच, एक गाठ. खांदा ते खांदा, दुसरी गाठ. दोरी खिशात घालून निघून जातो आणि तिसऱ्या प्रहरी पेटी दारात येते. माझ्या सासऱ्यांचं माप मी असंच बघितलं होतं. पुढचं बघवेना, मी तशीच बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डामागे जाऊन चोरून बघितलं. लांबूनं दोन लांब फळ्या तासून ठेवल्या होत्या, फिलूएवढ्याच. दोन आखूड. झाकण नव्हतं, पण झाकण शेवटीच करतात. म्हणजे पोर जाणार हे यांना ठाऊक होतं, आणि आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. बाईंना विचारायचं सुचलं नाही का, असं मला पुढे खूप जणांनी विचारलं. पेटी करणाऱ्याला कुणी विचारतं का, कुणासाठी म्हणून? ज्याच्या घरची असते त्याला ते माहीत असतं. पोर मरायचीच असेल तर आपल्या घरात, आपल्या पाद्रींच्या हातून शेवटचं पवित्र तेल लावून मरेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मासळी घेऊन आलेल्या उत्तनच्या बायकांबरोबर पास्कूला निरोप धाडला. ओहोटी लागताना तो होडी घेऊन आला. सगळे प्रार्थनेला बसले तेव्हा मी फिलूला गोधडीत गुंडाळून उचललं. ती एकदा कळवळली, मग गप्प झाली. होडीत जाळ्यांवर तिला निजवलं आणि आम्ही निघालो.

खाडीच्या मध्यावर आलो आणि फिलू म्हणाली, "आये, माझे पाय कुठं हायत?"

पाय माझ्या मांडीवर होते, मी धरलेले. चिमटा काढला, तिला कळलाच नाही. ती आपली पडल्या पडल्या बोटाला दोरी गुंडाळत होती.

"ही दोरी कुणाची गो?"

"लांबूनी दिली. त्याचं काम झालं."

मी दोरी हिसकावून घेतली. तिच्यावर दोन नव्हे, तीन गाठी होत्या. पहिल्या दोन मी बघितल्या होत्या. ही तिसरी कसली? दोरी फिलूच्या डोक्यापासून पाठीखाली सरकवून बघितली. तिसरी गाठ बरोबर टेंगळावर आली.

मेलेल्याच्या पाठीला टेंगूळ असलं काय, नसलं काय, पेटीला त्याचं काय? इनास मिस्त्रीनं आजवर कुणाची पाठ मापलेली नाही. तिथे गाठ मारतो तो जिवंत माणसासाठी काहीतरी करत असणार.

पास्कूनं वल्ही थांबवली. म्हणाला, "ओहोटीबरोबर घर जवळ हाय. दवाखान्याकडे उलटं मारावं लागंल. काय करू, सांग."

मी म्हणाले, "फिरव."

तसा वल्ही मारताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. धक्क्यावर पोचलो तेव्हा बाई आणि लांबू कंदील घेऊन उभे होते. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. बाई एवढंच म्हणाल्या, "आपण परत आलात, हे बरे केलेत." मग टाचणीनं फिलूचे तळवे टोचून बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. पाय परत येतील का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, येतातही, नाहीही येत, आता हलवू मात्र नका.

लांबूची पेटी म्हणजे फ्रेम होती. लाकडी चौकट, तिला ताणून बसवलेलं जाड कापड, आणि टेंगळाखाली बरोबर मापानं कापड उचललेलं, कणा तिथे खचू नये म्हणून. फिलू तिच्यावर दोन पावसाळे निजली. पायांचं म्हणाल तर मी रोज तळवे पुसायची, पुसता पुसता आशा सोडायची आणि पुन्हा पुसायची. एका सकाळी तिनं अंगठा ओढून घेतला आणि म्हणाली, "गुदगुल्या नको करू." मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

माझा संशय संपला असं समजू नका. पुढे त्यांनी फिलूचा फोटो काढला, परदेशातल्या लोकांना दाखवायला. तेव्हा मी तिच्या हातात रोझरी देऊन ठेवली, पोर कुणाची आहे ते दिसू दे तिकडे. त्यांना आमच्याकडून काय हवं होतं ते मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. फिलू चालत चर्चला जाते, आमच्याच चर्चला, एवढं कळतं.

तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली आणि गोरे कामकरी परत गेले. फ्रेमा आता इनास मिस्त्री करतो. पण दवाखान्यात दोरी घेऊन जाते मी, कारण त्याला बघून आयांचा जीव जातो. मला बघूनही त्या पोराला जवळ ओढतात, खाटेच्या आड उभ्या राहतात. मी त्यांना काही समजावत नाही. डोकं ते टाच मी मागाहून मापते. आधी पोराची पाठ उघडी करते, टेंगळावर दोरी ठेवते आणि आईच्या डोळ्यांदेखत पहिली गाठ तिथे मारते.