सहाव्या दिवसाचा मेमो

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले राजेसाब नदाफ एकतीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेची भांडी धुवायची, यीस्टचं खाद्य शिजवून प्लेटांत ओतायचं, तिसऱ्या दिवशी वाढ मोजून झाली की त्याच प्लेटा नष्ट करायच्या. शिक्षण म्हणाल तर नववी नापास. पण विभागप्रमुख हत्तुरे सर शिकवत असताना मागे डस्टर घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानाला कुणी कुलूप घालत नाही. पुढच्या बाकांवरच्यांना जे परीक्षेपुरतंही आठवायचं नाही, ते राजेसाबांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

यीस्टला आवडतं ग्लुकोज. ते नसलं आणि समोर गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर आली, की ती पचवणारी जनुकं उघडावी लागतात. जनुक काही एकट्यादुकट्या प्रथिनाने उघडत नाही. वीस-पंचवीस प्रथिनांचा जथा तिथे गोळा होतो, तेव्हा कुठे त्याचं वाचन सुरू होतं. "मांडव घालाया मानसं जमावी लागत्यात की, तसंच," असं राजेसाब नव्या पोरांना सांगायचे. पोरं हसायची.

हत्तुरे सर सात वर्षं एकच गोष्ट ठासून सांगत होते: या जथ्यातलं एक ठरावीक प्रथिन काढलं की जनुक बंद, कायमचं. त्यांची विद्यार्थिनी अंकिता त्यावरच पीएचडी करत होती. ते प्रथिन नसलेलं यीस्ट ती गॅलॅक्टोजवर ठेवायची. तिसऱ्या दिवशी प्लेट कोरी. वहीत शून्य.

आता आपल्या सोलापुरातलं पाणी. कॉलेजला ते चार-पाच दिवसांआड यायचं. त्यामुळे ऑटोक्लेव्ह, म्हणजे प्लेटा वाफवून जंतू मारणारा मोठा कुकर, राजेसाब फक्त शनिवारी लावायचे. तोवर टाकायच्या प्लेटा उबदार कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असायच्या. जूनमधल्या एका शनिवारी त्यांना सोमवारी मांडलेल्या शून्यवाल्या प्लेटांवर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. ते चार शनिवार गप्प राहून बघत राहिले. दर वेळी सहाव्या दिवशी ठिपके. मग प्लेट घेऊन सरांकडे गेले.

"सर, ह्ये बंद न्हाय. उशिरा उघडतंय. बाकीची प्रथिनं जमत्यात, पन लई येळ लावत्यात."

सरांनी प्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "नदाफ, तुमच्या हातची घाण आहे ती. टाकायच्या प्लेटा जपून ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

दोन दिवसांनी मेमो हातात पडला. 'तिसऱ्या दिवशी नष्ट करावयाच्या प्लेट्स आपण सहाव्या दिवसापर्यंत ठेवल्या व त्यांवर वाढ झाल्याचे निदर्शनास आणले. सदर वाढ आपल्या हलगर्जीपणामुळे झाली आहे.' खाली सरांची सही. एकतीस वर्षांतला पहिला मेमो, आणि निवृत्तीला उरले होते अकरा महिने. संध्याकाळी राजेसाबांनी तो घरी नेऊन मुलीपुढे ठेवला.

"जान दो अब्बा, कागज इच तो है," त्यांची मुलगी इफ्रा म्हणाली.

"मेरे हातां कू घाण बोले," एवढंच ते म्हणाले.

अंकिताने सरांच्या केबिनबाहेर उभं राहून सगळं ऐकलं होतं. तिने गुपचूप त्या ठिपक्यांमधलं यीस्ट काढलं, तपासून घेतलं, आधी ग्लुकोजवर वाढवलं, मग पुन्हा गॅलॅक्टोजवर ठेवलं. घाण म्हणावी, तर ते तिचंच यीस्ट होतं. त्याच्यात कायमचा बदल झाला म्हणावं, तर या खेपेला ते तिसऱ्याच दिवशी वाढायला हवं होतं. पुन्हा बरोबर सहा दिवस लागले.

"मामा, तुमचंच खरं निघालं," ती बेसिनपाशी येऊन म्हणाली.

"मग सरास्नी सांग की, पोरी."

तिने सांगितलं. ठिपके आधी कुणी पाहिले, तेवढं सांगायचं टाळलं. आणि सात वर्षांचं मत सरांनी आठवड्यात फिरवलं. त्यालाही अंगी कसब लागतं! शोधनिबंध छापून आला, सभागृहात सत्कार झाला. "सहाव्या दिवसापर्यंत थांबायचं सुचलं कसं?" असं पाहुण्यांनी विचारलं.

"संयम," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. अंकिता खाली मान घालून बसली. राजेसाब शेवटच्या रांगेमागे चहाचा ट्रे धरून उभे होते. संतापाने त्यांना ते सगळं तिथेच ठेवून निघून जावंसं वाटलं. ट्रे खाली ठेवायला जागा नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि फायलीतून मेमो काढला. "नदाफ, जाताना रेकॉर्डला डाग नको. तुमच्याकडची प्रतही द्या, दोन्ही फाडून टाकू."

"माजी फाटायची न्हाय सर. लॅमिनेशन केलंय."

"कशाला?"

"सहाव्या दिवशी मी बगितलं, असं लिवलेला जगात त्यो एकच कागद हाय. आन् खाली सही तुमची हाय."

 राजेसाबांनी नारळ त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ते घरी निघाले.