तिसाच्या आत उठतो

कोंडाबाईला फुटबॉलचा नाद आहे असं कुणी म्हटलं की ती चिडायची. नाद कसला, म्हणायची, मी तर त्यांच्या चुका बघायला बसते. दहा वर्षं रोज न चुकता चुका बघायला बसणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं, हे तिच्या तोंडावर विचारायची मेसमध्ये कुणाची छाती नव्हती.

मेस लातुरात, क्लासेसच्या मागच्या गल्लीत. एक लांबट खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर. डॉक्टर व्हायला आलेली साठ पोरं दोन पंगतींत जेवायची. भिंतीवरचा टीव्ही एका जुन्या बॅचने जाताना वर्गणी काढून घेऊन दिला होता, आणि पहिल्याच महिन्यात कोंडाबाईने क्रिकेटवर बंदी घातली. क्रिकेट लागलं की पोरं ताटावरून उठत नाहीत आणि दुसरी पंगत गल्लीत ताटकळते. कोल्हापूरच्या एका पोराने तोड काढली. फुटबॉलचा एक हाफ पंचेचाळीस मिनिटांचा. पहिल्या हाफला पहिली पंगत, मधल्या पंधरा मिनिटांत ताटं धुवायची, दुसऱ्या हाफला दुसरी. त्यानेच वाट्या मांडून तिला ऑफसाइड शिकवला. तेव्हापासून संध्याकाळी सामना लागायचाच. ताजा नसला तर कालचा, शिळी भाजी चालत नव्हती पण शिळा सामना चालायचा.

तिचा संघ कुठलाच नव्हता. सगळे तिला सारखेच नावडते. गोली म्हणजे नव्वद मिनिटं एका जागी उभा राहणार आणि गोल झाला की पुढच्यांवर ओरडणार. असला नवरा तिच्या बहिणीला मिळाला होता. कोट घालून कडेला येरझाऱ्या घालणारा कोच म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. पंच धावत जाऊन छोट्या पडद्यावर तेच पुन्हा बघतो आणि तरी चुकतो, म्हणजे त्याचे डोळे नाही, डोकं तपासायला पाहिजे. गोल झाल्यावर जर्सी काढून भिरकावणाऱ्याला तर ती घरच्या भाषेत बोलायची. धुणारं दुसरं कुणी असलं की माणूस कपडे असे फेकतो, हे तिला टीव्हीवरून शिकावं लागलं नव्हतं.

पण तिचा खरा दात होता पडणाऱ्यांवर. नुसता खांदा लागला की गवतावर गडाबडा लोळायचं, तोंड झाकायचं, एका डोळ्याने पंचाकडे बघायचं आणि शिट्टी वाजली की उठून पळायचं. असा कुणी पडला की कोंडाबाई वरणाची पळी पातेल्यावर ठोकायची आणि मोजायला लागायची. एक, दोन, तीन. सगळी पंगत तिच्याबरोबर मोजायची. बारा-पंधराला गडी उठायचा आणि खोलीत हशा व्हायचा. तिसाच्या आत उठतो तो नाटकी, हा तिचा कायदा. दहा वर्षांत तिसाच्या पुढे गेलेले दोनच निघाले. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा ती काही बोलली नाही, एवढाच त्यांचा मान. नवीन पोरं आठवड्याभरात मोजायला शिकायची. घरापासून लांब आलेली, चाचणीत मार्क कमी पडलेली पोरं तेवढ्यापुरती पोटभर ओरडून घ्यायची. मेस कशी आहे असं कुणी विचारलं तर भाजीच्या आधी हे मोजणं सांगायची.

हा राग काही टीव्हीने दिलेला नव्हता. धर्माबादला लहानपणी ती मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जायची, आणि हाताची आग झाली म्हणून रडलं तर मुकादम घरी पाठवायचा, मजुरीशिवाय. नवरा भीमा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, पदरात धम्मानंद. मातीनंतर तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला उभी राहिली. ताप अंगात असताना लाटल्या, पाय सुजले तरी लाटल्या. मी पडले असते तर कोण शिट्टी मारणार होतं, असं ती विचारायची. त्याला उत्तर नव्हतं, म्हणून कुणी देत नसे. पण उत्तर मिळालं नाही म्हणजे आपलंच खरं, असं धरून चालणं वेगळं. कोंडाबाई तसं धरून चालायची.

रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि संध्याकाळी मेस बंद. त्या दुपारी टीव्हीवर पिक्चर, बहुतेक तेलुगूचा हिंदीत केलेला. धर्माबादला वाढल्यामुळे तिला तेलुगू कळायची. हिरो हिंदीत काय बोलतो आणि त्याचे ओठ काय बोलतात, यातली तफावत ती भर पिक्चरमध्ये सांगत बसायची. पन्नास गुंड एकेक करून मार खायला येतात, एवढी शिस्त रेशनच्या लाइनीत नसते. पोटात तीन गोळ्या घेतलेला बाप पाच मिनिटं भाषण ठोकतो. पिक्चरमधली आई चुलीपुढे बसली की विचारायची, ही भाकरी थापून राहिली का टाळ्या वाजवून? आणि वाईट बातमी कळल्याबरोबर हातातलं ताट सोडून कोसळणाऱ्या आयांचा तिला सगळ्यात तिटकारा. ताट सोडायचं काय कारण? खाली ठेव, मग रड.

सून ज्योत्स्ना देवणीची. तिला पिक्चर आवडायचे, आणि ती रडायची, ओढणीने डोळे पुसत, कुणाला न लाजता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सासू-सुनेचा एकही रविवार धड गेला नव्हता. एकदा ज्योत्स्नाने शांतपणे विचारलं होतं की आत्या, आवडत नाही तर बघता कशाला. कोंडाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. जिला खोट्यासाठी रडू येतं तिच्या खऱ्या दुखण्यावर भरवसा ठेवू नये, असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

दिवाळीनंतर ज्योत्स्ना सांगायला लागली की चक्कर येते, जिना चढलं की छाती धडधडते. कोंडाबाईने सांगितलं, पिक्चर कमी बघ. डाळमिलवर मशीन चालवणाऱ्या धम्मानंदने दवाखान्यात दाखवू म्हटलं, येत्या रविवारी. पण रविवारी साठ पोरांच्या पुऱ्या असायच्या, आणि तो रविवार पुढच्या रविवारवर जायचा. असे सहा-सात रविवार गेले.

मग तो शनिवार आला. पहिली पंगत बसलेली होती. टीव्हीवर एक उंच गडी नुकताच पडून अकराला उठला होता आणि पोरं खूष होती. ज्योत्स्ना पोळ्यांची टोपली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. थांबली. चौकटीला हात लावायला गेली, तो लागला नाही, आणि ती कोसळली. टोपली उलटी होऊन पोळ्या पोरांच्या ताटांपर्यंत पसरल्या.

कोंडाबाईने पाहिलं ते एवढंच, की हिने टोपली सोडून दिली. रविवारचा पिक्चर शनिवारीच सुरू झाला, असं तिला वाटलं. पळी हातात होतीच. तिने ती पातेल्यावर ठोकली आणि म्हणाली, "एक."

पोरांना क्षणभर कळेना. मग कुणीतरी हसलं, आणि सवयीने आवाज वर चढला. पाच, सहा, सात. दहाला अख्खी पंगत मोजत होती. वीसला काही पोरं गुडघ्यावर उठून बघायला लागली, पण मोजणं चालू होतं. तिसाच्या जवळ आवाज पातळ झाला. तिसाला सगळे गप्प.

कोंडाबाई एकटी मोजत राहिली. एकतीस. बत्तीस. तिलाही कळलं होतं, आत कुठेतरी कळलं होतं. पण आता थांबायचं म्हणजे तीस पोरांसमोर आपण चुकलो असं म्हणायचं, आणि ते तिला आयुष्यात जमलं नव्हतं. अडतिसाला तिला उंबऱ्यावरचं रक्त दिसलं.

पोरांनीच रिक्षा आणली. कपाळाला चार टाके पडले, ते सोडाच. अंगात रक्त निघालं साडेपाच. असायला पाहिजे होतं बारा. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईने कागद भरता भरता विचारलं, या जेवतात कुठे? कोंडाबाई म्हणाली, आमची मेस आहे. डॉक्टरीणबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. साठ पोरं उठल्यावर, भांडी झाल्यावर, उरेल ते ज्योत्स्ना खायची. पुष्कळदा भाजी संपलेली असायची, वरणाच्या तळाशी पाणी. हे कोंडाबाईला माहीत नव्हतं असं नाही. ती स्वतःच पंचवीस वर्षं तसं जेवली होती, म्हणून तिला ते दिसत नव्हतं.

धम्मानंदला पोरांकडून सगळं कळलं. तो ओरडला नाही. बायकोला दवाखान्यातून परस्पर देवणीला नेताना तो एवढंच म्हणाला, "तू मोजून राहिली होती म्हणे." तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तो ऐकायला थांबला नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पुढचे पंधरा दिवस कोंडाबाई जो भेटेल त्याला सुनावत होती. रक्त कमी होतं तर माहेरच्यांनी लग्नाआधी सांगायला नको होतं का? फरशी कुणी एवढी गुळगुळीत बसवली? आजकालच्या मुली गूळ-शेंगदाणे खात नाहीत, मग दुसरं काय होणार? पोळ्यांना बाई ठेवली, तिला पहिल्याच दिवशी चार शब्द सुनावले. पोरं पूर्वीसारखी जेवायची, पण तिच्याकडे बघून नाही. मग धम्मानंदचा फोन आला. उदगीरच्या डाळमिलमध्ये काम मिळतंय, ज्योत्स्नाची परत यायची इच्छा नसेल तर आम्ही इकडेच राहतो, म्हणाला. सून गेली तर मुलगा गेला, आणि मुलगा गेला तर ही चूल कुणासाठी पेटवायची, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. तिने रात्रीतून शेंगदाण्याचे लाडू वळले, डाळिंबं घेतली आणि सकाळची गाडी धरली. उदगीरला गाडी बदलली. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होती, आणि ठरवलेल्या प्रत्येक वाक्यात चूक दुसऱ्या कुणाची तरी होती.

ज्योत्स्नाच्या आईने जयभीम केला, पाणी दिलं. वाकडं बोलली नाही, आणि तेच कोंडाबाईला जास्त लागलं. धम्मानंद कामाचं बघायला उदगीरला गेला होता. ज्योत्स्ना बाजेवर बसली होती. कपाळावरची खूण अजून लाल होती, पण तोंडावर रंग आला होता. कोंडाबाईने आधी खोलीत वारा नाही म्हणून नाक मुरडलं, मग बाज ढिली आहे म्हणाली. मग पिशवी पुढे सरकवत म्हणाली, झालं ते झालं, पोळ्यांना बाई ठेवली आहे, तुला नुसतं बसून राहायचं, चल. तिच्या हिशेबाने ही माफीच होती. याहून मोठी तिने कुणाची मागितली नव्हती.

ज्योत्स्नाने पिशवीला हात लावला नाही.

"आत्या, मला ऐकू येऊन राहिलं होतं."

"काय?"

"आकडे. सुरवातीचे न्हाई. वीसच्या पुढचे समदे. हात हलत न्हवता, डोळा उघडत न्हवता, पण ऐकू येत होतं. पोरं गप झाली तेबी कळलं. मला वाटलं, आता आत्या येताल."

आईने दारातून हाक मारली, ताटं वाढली म्हणून.

"मग तुमी एकतीस म्हणलं," ज्योत्स्ना म्हणाली.

कोंडाबाईकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. गोलीवर, कोचवर, भाकरी थापणाऱ्या नटीवर. तिने गाडीत ठरवलेली वाक्यं शोधली, त्यातलं एकही तोंडात येईना. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, तू उठशील."

"हाव." ज्योत्स्नाच्या आवाजात राग नव्हता. "तुमी वाईट न्हाईत आत्या. तुमच्या संगं काम करायला मी भीत न्हाई. पर तुमच्या समोर आजारी पडायची मला लई भीती वाटती. म्हणून मी येणार न्हाई."

कोंडाबाईने चल हा शब्द पुन्हा काढला नाही. पिशवीतून लाडवांचा डबा काढून बाजेवर ठेवला. जेवून जा म्हणून आईने हात धरला, तर गाडीची वेळ झाली असं खोटंच सांगितलं. गाडीला तासाभराहून जास्त अवकाश होता. तो वेळ तिने देवणीच्या स्टँडवर सिमेंटच्या बाकावर काढला आणि तिथे तिला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. माणसं बघत होती. शेजारी शेवग्याच्या शेंगांची मोट घेऊन बसलेल्या अनोळखी बाईने विचारलं, मावशी, काही दुखतंय का? कोंडाबाई न्हाई म्हणाली.

बाईने पुन्हा विचारलं नाही. मोट बाजूला सारून ती जवळ सरकली, पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली.